बिनतेलाचे डोनट आणि दार चुकलेला म्हातारा

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कढई बाल्कनीत टाकली! विचारलं नाही, सांगितलं नाही. गावाहून, कोचकोरहून येताना मांडीवर घेऊन बसले होते ती, सगळ्या वाटेनं – बसमधले लोक म्हणत होते, म्हातारीनं नातवंड गुंडाळून आणलंय की काय. आता ती बाल्कनीत पालथी पडलीय, नातीच्या, आयझिरेकच्या सायकलीमागे. आणि तिच्या जागी ओट्यावर एक काळं डबडं बसवलंय. दिसायला अंतराळवीराच्या डोक्यासारखं. पुढे एक खण, खणाला दांडा.

सून म्हणते (अपा म्हणजे आई, घरात सगळे मला तेच म्हणतात), "अपा, हा एअर फ्रायर. यात वाऱ्यावर तळतात."

वाऱ्यावर तळतात! वाऱ्यावर आम्ही लोकर वाळवतो.

कारण काय, तर कुबातच्या रक्तात चरबी सापडली. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलंय. माझ्या मुलाच्या रक्तात चरबी नाही तर काय मध सापडणार होता? मेंढ्यांत वाढलाय तो. बापाच्याही रक्तात होती. आणि बाप चरबीनं नाही मेला, हट्टानं मेला.

बरं, आज गुरुवार. हे त्या डॉक्टरला कोण सांगणार? गुरुवारी संध्याकाळी गेलेली माणसं आपापल्या घराकडे येतात. त्यांना ना मांस लागतं ना चहा – तेलात तळल्या कणकेचा, बोर्सोकचा वास लागतो. वासावर येतात, वासावर जेवतात, वासावर परत जातात. लहान पोराला माहीत आहे. सुनेलाही माहीत आहे, तिची आई काही जर्मन नाही.

आणि आमचा म्हातारा जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. नवा आहे तिकडे. त्यात त्याला रस्ता कधी कळला? जन्मभर ट्रक चालवला, पण कोचकोर ते नारीन, नारीन ते कोचकोर. इथे बिश्केकला मुलाकडे दोनदा आला, दोन्ही वेळा चुकला. एकदा तर भलत्याच इमारतीत शिरला, परक्यांकडे चहा प्याला, जेवला, आणि मग विचारतो – "अरे, कुबात कुठाय?" असा माणूस सातव्या मजल्यावर वासाशिवाय येईल? गावातलं घर तर मी कुलूप लावून आलेय. तिथे जाऊन कुलपाचा वास घेणार का तो?

सून म्हणाली, "यातही होतात अपा. डोनट. आपल्या बोर्सोकचेच भाऊ." फोनवर एक बाई लावली. ती बाई हसत हसत कणीक मळत होती. मळताना हसणाऱ्या बाईवर माझा विश्वास नाही. मळणं मीच केलं – मैदा, कोमट आयरान म्हणजे आंबट ताक, खमीर, अंडं, साखर, मीठ. झाकून ठेवलं. फुगलं छान, त्यात खोट नाही. लाटून पेल्यानं गोल कापले. मग सून बाटलीचं झाकण घेऊन प्रत्येकाला भोक पाडत बसली.

"भोक कशाला?"

"मधूनही शिजायला. वारा जातो ना."

पुन्हा वारा!

वरून ब्रशनं तेल लावलं. सगळ्यांना मिळून एक चमचा. एक! आमच्याकडे तेवढं पोराच्या दुखऱ्या कानात घालतात.

डबडं गुरगुरलं. टिंग झालं. बाहेर आले – फिके, गाल फुगवलेले, हिवाळाभर ऊन न बघितलेल्या कारकुनासारखे. मी डबड्याच्या मागच्या जाळीला नाक लावलं. वास? इस्त्री केलेल्या चादरीचा.

तरी ताट केलं. दुवा म्हटली, हात तोंडावरून फिरवले. आयझिरेकनं चार खाल्ले. सहा वर्षांची पोर, तिला काय – "अपा, ढगासारखे लागतात!"

ढग खाऊन कुणाचं पोट भरलंय?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आला नाही. स्वप्नात आली ती कोचकोरची तांबडी गाय. ती तर जिवंत आहे, शेजाऱ्याला विकलीय. तिला काय पाहिजे होतं!

शनिवार, ८ नोव्हेंबर

लिहिताना कागद फाटतोय. रागानं.

समोरच्या दारात बुरमाकान राहते. एकटीच. माझ्याच वयाची, पण केसांना मेंदी लावते आणि साठची आहे म्हणते. नवरा ओसमोनाली पोस्टात होता, जाऊन बरीच वर्षं झाली. दर गुरुवारी ही दार उघडं टाकून बोर्सोक तळते – सगळ्या जिन्याला कळलं पाहिजे किती नवऱ्याची काळजी!

सकाळी आली. चहाला बसली. साय घेतली, जाम घेतला, दुसरा पेला घेतला, आणि मग म्हणते, "कालिचा, राग मानू नकोस. परवा रात्री स्वप्नात मुकामबेत आला होता."

आमच्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं! मी उभ्या संसारात त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. आमच्यात काढतच नाहीत. त्याला हाक मारायची तर "ए, ऐकलं का", आणि नाहीच ऐकलं तर चमचा फेकून मारायचा. ही बया सरळ नावानं बोलते, जशी काय त्याच्याबरोबर शाळेत होती!

मी म्हटलं, "कुठे आला होता?"

"माझ्याकडे. स्वयंपाकघरात. स्टुलावर बसला."

"काय करत होता?"

"बोर्सोक खात होता. काय करणार?"

"साखर मागितली का?"

"मागितली. खडा दाताखाली धरून चहा प्याला."

कपाळ माझं! तोच तो.

म्हणजे बघा – गावापासून निघाला, डोंगर ओलांडला, शहर सापडलं, इमारत सापडली, सातवा मजलाही सापडला. मेल्यावर अक्कल आली म्हणायची वेळ. आणि शेवटी दोन दारांमधून कुठलं निवडलं? तिचं!

मी विचारलं, "काही म्हणाला का?"

बुरमाकाननं जाम चाटला. "म्हणाला, समोर चूल थंड दिसतेय."

रविवार, ९ नोव्हेंबर

खोटं बोलत असेल. आमच्या बैठकीत त्याचा फोटो आहे, टोपी घातलेला. रोज बघते ती. फोटो बघून कोणीही स्वप्न पाडेल.

पण साखरेचा खडा फोटोत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

कुबातला सांगितलं. तो जेवत होता, उकडलेली कोबी, वशिंड उतरलेल्या उंटासारखा चेहरा करून.

"तुझा बाप समोरच्या बाईकडे जातोय."

घास अडकला त्याच्या घशात. पाणी दिलं. मग सगळं नीट सांगितलं. तर हसला! म्हणतो, "अपा, जाऊ द्या ना. जिवंतपणी कुठे गेला नाही बिचारा, आता जरा फिरू द्या."

धाकटा मुलगा आहे, म्हणून ऐकून घेतलं. मोठा असता तर कोबीचं भांडं डोक्यावर पालथं केलं असतं.

सिर्गाला – सुनेला – म्हटलं, कढई आत आण. ती म्हणाली, "नाही अपा. कढई आत आली की कुबातही आत येतो. तुम्ही फक्त वास काढाल, पण खाणार तो." हे मात्र खरं आहे. म्हणून जास्त राग आला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज मी माझी अक्कल चालवली.

वास तेलातून येतो ना? तेल नको म्हणता? ठीक आहे. बाजारातून मेंढीच्या शेपटीची चरबी आणली, पांढरी, घट्ट, चांगली मुठीएवढी. सून कामावर, आयझिरेक शाळेत. डोनट खणात मांडले आणि प्रत्येकाच्या भोकात चरबीचा एकेक तुकडा बसवला. इतके दिवस मला कळत नव्हतं भोक कशासाठी असतं. आता कळलं. देवानं भोक चरबीसाठीच केलंय.

तापमानाचा आकडा शेवटपर्यंत फिरवला. अर्धवट कामं मला आवडत नाहीत.

आधी छान चुरचुरलं. मग वास सुटला – काय वास! डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, ये बाबा, ये, डावीकडचं दार, आपलं दार! मग धूर आला. मग आणखी धूर आला. पांढरा, जाड, मेंढरांच्या कळपासारखा एकामागून एक. छताला एक वाटोळं झाकण आहे, मी दिवा समजत होते. ते बोंबलायला लागलं! थांबेना. मी त्याला लाटणं मारलं. आणखी बोंबललं. खालच्या मजल्यावरचा माणूस बनियनवर वर आला, हातात पाण्याची बादली. मी म्हटलं, "पाहुणे यायचेत, बादली घेऊन दारात उभा राहू नकोस, अपशकुन!"

सिर्गा आली तेव्हा मी खुर्चीवर उभी होते आणि पडद्यानं वारा घालत होते. तिचा पांढरा पडदा. आता तो पांढरा नाही.

तिनं खिडक्या उघडल्या, मला खुर्चीवरून उतरवलं, मग बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात काहीतरी बोलली. मला ऐकू येतं हे तिला माहीत नाही.

कुबात आला. उभ्या उभ्याच सात डोनट खाल्ले. बोटं चाटली. मग त्याला डॉक्टर आठवला.

आणि एवढं सगळं झाल्यावर बेल. बुरमाकान! गाल फुललेले. "कालिचा, जीव निवला गं! धूर जायची जाळी आपली एकच आहे ना, सगळा सुगंध सरळ माझ्या स्वयंपाकघरात. मी आज तळलंच नाही. म्हटलं, गरज काय?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल तो तिच्याकडे गेला म्हणे. या वेळी दोन मित्र घेऊन.

माझ्या चरबीवर तिच्या घरात मेजवानी!!

रविवार, १६ नोव्हेंबर

कुबातनं मोल्दोंना, म्हणजे मौलवींना, आणलं, आमच्या चौकातल्या मशिदीतल्या. म्हणाला, "अपा, एकदा जाणत्या माणसाला विचारून टाका. म्हणजे घरात शांतता होईल." गोल चेहऱ्याचा माणूस, आवाज मऊ, पोट आवाजाच्या पुढे. सिर्गानं डोनट केले. या वेळी तिनं तेलाऐवजी वरून तूप लावलं, आणि आकडा कुठे थांबवायचा ते तिला बरोबर कळतं. तांबूस निघाले. मी ताट मोल्दोंपुढे सरकवलं.

मी विचारलं, "मोल्दो, धूर नाही, फसफस नाही, तेल एक चमचा. गेलेल्या माणसाला हे पोचतं का?"

त्यांनी एक डोनट घेतला. विचार केला. दुसरा घेतला. "आई, नियत महत्त्वाची."

"नियत वास सोडते का?"

तिसरा घेतला. "तसं म्हणता येणार नाही. पण तसं म्हणता येणार नाही असंही नाही."

"म्हणजे तळू कशात?"

चौथा. "जाणत्यांमध्ये यावर मतभेद आहेत."

"या डबड्यावर जाणत्यांमध्ये मतभेद आहेत? कधी झाले? मागच्या उन्हाळ्यात?"

कुबातनं टेबलाखालून माझा पाय दाबला. दाबू दे. मोल्दो हसले, दुवा केली, खूप छान केली, आमच्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्या मोजल्या. आणि निघताना दारात सिर्गाला हळूच विचारतात, "सूनबाई, हे यंत्र कुठल्या दुकानात मिळतं?"

निर्णय एकही नाही. डोनट आठ.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सांगून टाकलं. या गुरुवारी तो माझ्या दारात आला नाही, तर रविवारी मी कोचकोरला जाते. कुलूप काढते, चूल पेटवते, तेल तापवते. गावचा रस्ता त्याला डोळे मिटून येतो. ट्रक चालवतानाही मिटायचाच.

कुबातचा रंग उडाला. "अपा, पाईप गोठलेत तिकडचे. कोळसा नाही. एकट्या काय करणार?"

"पाईप नव्हते तेव्हाही मी होते."

"लोक काय म्हणतील? आईला सांभाळायचं ते धाकट्या मुलानं, आणि त्यानंच हिवाळ्यात हाकललं म्हणतील! मी तोंड कुठे दाखवू?"

"डॉक्टरला दाखव. त्याला तुझं आतलंही बघायला आवडतं."

तो बाल्कनीत गेला. मग सिर्गा बोलली. या घरात आल्यापासून ती माझ्याशी असं बोलली नव्हती. भांडी पुसत होती, वळली नाही.

"अपा, माझे बाबा जाऊन चार वर्षं झाली. मी त्यांना याच यंत्रातून वास देते. दर गुरुवारी. ते येतात."

"येतात?"

"येतात. त्यांचं माझ्याशी भांडण नव्हतं ना. तुमचे येत नसतील तर ते तुमचं तुम्ही बघा."

जीभ आहे हो पोरीला! मी समजत होते नुसते दातच आहेत.

मी म्हटलं, "आमचं भांडण लग्नाच्या दिवसापासून होतं. भांडण झालं की तो दुप्पट जेवायचा. भांडणानं अडणारा माणूस नव्हता तो. दार चुकणारा होता."

तिनं भांडं ठेवलं. हसली का रडली, पाठ होती म्हणून कळलं नाही. खांदे हलत होते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सिर्गानं कामावरून येताना एक लांबलचक वायर आणली. कोपऱ्यात ठेवली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मापून बघितली मी. जिन्यापर्यंत पोचते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पाय दुखतायत, पाठ दुखतेय, पण सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या बुरमाकान वेगळंच सांगत सुटेल.

दुपारी दोघींनी कणीक मळली. मी मळली, सिर्गानं लाटली. भोकं आयझिरेकनं पाडली. मधल्या गोळ्यांचे मी बोर्सोक केले, भोक वाया का घालवायचं? पांढऱ्या कापडावर सगळे ओळीनं फुगत ठेवले. संध्याकाळ झाली तशी डबडं उचललं आणि दाराबाहेर, जिन्याच्या मोकळ्या जागेत, स्टुलावर मांडलं. जाळीचं तोंड जिन्याकडे. हवा डबड्यातूनच बाहेर येते ना? मग येऊ दे! खालून वर येणाऱ्याच्या थेट नाकात जाऊ दे. सिर्गानं प्रत्येक डोनटला तूप फासलं, अगदी हात सैल सोडून. म्हणाली, "आजच्या दिवस. कुबातला सांगू नका."

"मी? मी कधी काही सांगते का?"

पहिला घाणा आत गेला आणि समोरचं दार उघडलं. बुरमाकान! अंगात सणाचा झगा, हातात झारा. मागे तिच्या शेगडीवर तेल तापलेलं. तिनं आमच्या स्टुलाकडे बघितलं.

"हे काय, हातगाडी लावली का?"

"नवरा बोलावतेय. माझा. तू तुझा बोलाव."

"मी काय बोलावते का त्याला? तो आपण येतो."

"तुझ्या तेलाला येतो. तुला नाही."

"तेल माझंच आहे ना!"

तिनं मूठभर बोर्सोक तेलात सोडले. फस्स! असा वास आला म्हणून सांगू, माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मी सिर्गाला म्हटलं, वाढव! तिनं आकडा वाढवला. आमच्या जाळीतून तुपाचा, भाजल्या मैद्याचा गरम झोत सुटला. सिर्गा पातेल्याच्या झाकणानं तो जिन्याकडे ढकलत होती, केस सुटलेले, बाह्या वर. ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसणारी बाई! मी म्हटलं, शाबास, माझ्या घरची शोभतेस.

गेलेली माणसं आली की नाही माहीत नाही, जिवंत मात्र सगळी आली. पाचव्या मजल्यावरची जुळी पोरं. बनियनवाला, बादली न घेता. तिसऱ्या मजल्यावरची रशियन म्हातारी काठी टेकत आली, बुरमाकानकडचे दोन खाल्ले, आमच्याकडचे दोन खाल्ले, म्हणाली, "मी कुणाच्या बाजूची नाही, मला तर हे खाणंच चालत नाही." मग आणखी दोन खाल्ले. लिफ्टमधून एक अनोळखी माणूस उतरला, चुकीच्या मजल्यावर. मी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. नाही. फारच तरुण होता. त्यालाही दोन दिले.

आणि मग दिवे गेले! आमचं डबडं, तिची शेगडी, सगळ्यांचे हीटर – मजल्याला झेपलं नाही. काळोख. डबडं गुरगुरता गुरगुरता थांबलं. बुरमाकानच्या कढईतला शेवटचा बुडबुडा ऐकू आला.

कुबात वीजवाल्याला शोधायला खाली गेला. बाकी लोक आपापल्या घरी. सिर्गा फोनचा उजेड धरून आत पोरीला झोपवायला. मी आणि बुरमाकान पायरीवर बसलो. बसणार कुठे, आत अंधार, बाहेर अंधार. तिनं चाचपडत माझ्या ताटातला एक डोनट घेतला. चावला. दुसरा घेतला.

"हलके आहेत गं," म्हणाली.

"वाऱ्यावर केलेत."

तिसरा घेतला.

मी म्हटलं, "बुरमाकान, अल्लाची शपथ घेऊन सांग. खरंच आमचाच येतो का?"

आधी तिनं तोंडातला घास संपवला. मग म्हणते, "कोणीतरी येतो. डोक्यावर टोपी असते. साखर मागतो."

"तोंड बघितलंस का?"

"झोपताना चष्मा काढते मी, कालिचा. मला काय दिसणार?"

मी तिला मारणार होते. हातात डोनट होता, तो खाल्ला. मग दोघी हसायला लागलो ते थांबेचना. तिसऱ्या मजल्यावरून रशियन म्हातारी ओरडली, "अजून उरलेत का?"

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तो आला नाही. तिच्याकडेही नाही, म्हणते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बॅग भरली. लोकरी मोजे, औषधं, फोटो. कढई मीच बाल्कनीतून आणून दारात ठेवली. कुबात उद्या सोडायला येणार, गाडीला हिवाळ्याचे टायर लावून आला. दिवसभर माझ्याकडे बघत नाही. आयझिरेकनं बॅगेत स्वतःचा एक बूट लपवला, म्हणजे मला परत यावं लागेल. सापडला मला. तसाच राहू दिला.

सिर्गा स्वयंपाकघरात आहे. वाटेला म्हणून डोनट करतेय. मी सांगितलं नव्हतं.

बोलायचं ठरवलं होतं की गेल्या गुरुवारी तू चांगली झुंजलीस. जमलं नाही. म्हटलं, "मीठ कमी घालू नकोस."

रविवार, २३ नोव्हेंबर

गाडी खाली उभी आहे. मी जात नाही.

न्याहारीनंतर कोट घालून खुर्चीत बसले होते, डोळा लागला आणि तो आला. आमचा नव्हे! बुरमाकानचा ओसमोनाली! तिच्या भिंतीवर आहे तसाच, मिशा, कोट, छातीवर पोस्टाचं पदक. दारात बूट काढले. डोनटच्या ताटापुढे बसला, एक उचलून भोकातून माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळं ताट संपवलं. म्हणाला, "वहिनी, जन्मभर तिचं तेल पचवलं. पोट आत्ता कुठे हलकं झालंय. तुमचा तिकडे, तिच्या तेलावर खुशीत आहे, त्याला हलवू नका. मी इकडे येत जाईन. दर गुरुवारी."

आमच्यात दारात आलेल्या पाहुण्याला परत पाठवत नाहीत. कुबातला सांगितलं, बॅग वर आण.

बेल वाजतेय. बुरमाकानच आहे, तिच्या चपलांचा आवाज मला पाठ आहे. निरोप द्यायला आलीय आणि विचारणार, काही स्वप्न पडलं का. मी झोपलेय. दार सिर्गानं उघडायचं, आणि काय ते उत्तरही सिर्गानंच द्यायचं. डबडं तिनं आणलंय!